ढोलातली पोकळी

भोंगा हे नाव तिला बाबांनी ठेवलं होतं, आणि ते उगाच नव्हे. जन्मली तेव्हा ती अशी काही रडली, की शेजारच्या वॉर्डातल्या नर्सबाई धावत बघायला आल्या म्हणे, कारखान्याची पाळी सुटली की काय! पुढे शाळेत तिला गप्प बसवता बसवता बाईंनी हात टेकले. मधली काही वर्षं मात्र हा भोंगा बंद पडला होता. उंची वाढली, दात पुढे आले, आणि चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की हात आधी ओठांवर जायला लागला. मग दहावीत कुणीतरी चेष्टेने तिचं नाव वक्तृत्व स्पर्धेला देऊन टाकलं. ती स्टेजवर गेली, आणि अशी बोलली, अशी बोलली, की चेष्टा करणारेच टाळ्या पिटत बसले. त्या दिवसापासून भोंगा पुन्हा वाजायला लागला.

त्याच दुपारी बाबा गेले.

ती बक्षिसाचा कप हातात घेऊन, दप्तर पाठीवर आपटत, बाबांना ठेवलेल्या दवाखान्याचा जिना चढत होती. बाबांना भाषण म्हणून दाखवायचं होतं. वर पोचली तर आई खोलीबाहेरच्या बाकावर बसलेली. बाबांना झोप लागली म्हणून आई चहा प्यायला खाली उतरली होती, आणि नेमकं तेवढ्यात. त्यांच्याजवळ कोणीच नव्हतं. कप आणि ती खोली या दोन गोष्टी भोंग्याच्या मनात अशा चिकटून बसल्या, की एक उचलली की दुसरी आपोआप वर यायची. घरी कप कपाटावर होता, नाव कोरलेली बाजू भिंतीकडे करून.

आता शाळा सुटली की ती आईच्या प्रयोगशाळेत जाऊन बसायची. आई तिथली प्रमुख, आणि बाबा तिथली यंत्रं सांभाळायचे. त्यांना सगळे वस्ताद म्हणत. घरी आईचा आवाज वर असायचा, तर तिथे बाबा आईला चक्क "हो मॅडम, नाही मॅडम" करायचे आणि पाठ वळली की भोंग्याला डोळा मारायचे. त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर एक आडवा व्रण होता, काच फुटून झालेला. बटण दाबताना, स्क्रू फिरवताना ते बोट नेहमी पुढे. टाचताई म्हणायची, वस्तादांचं ते बोट म्हणजे या खोलीची किल्ली आहे.

टाचताई म्हणजे आईच्या हाताखाली काम करणारी मुलगी. तान्ह्या बाळांच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब तपासायचं काम तिचं, म्हणून हे नाव. बाळाला जन्मतःच एखादा लपलेला आजार असला, तर तो त्या थेंबात सापडतो आणि वेळेवर औषध सुरू होतं. त्यासाठी खिडकीजवळ एक नवंकोरं यंत्र होतं. सगळे त्या यंत्राला नुसतं 'नवी' म्हणत, घरात नुकतीच आलेली सून असल्यासारखं.

आणि समोरच्या कोपऱ्यात होता ढोल.

ढोल हे नावसुद्धा बाबांचंच. जाडजूड पोलादी पिंप, भोवती बोटाएवढाले बोल्ट, पुढे एक गोल काच, आणि खाली रात्रंदिवस सुंऽऽ करणारा पंप. पाण्यात, मातीत विषारी धातूचा कण असला तर हा ढोल तो शोधून काढायचा. पण त्यासाठी त्याच्या पोटात काही म्हणजे काहीच चालत नसे. हवासुद्धा नाही.

"हवेने काय होतं?" भोंग्याने लहानपणी विचारलं होतं.

"बाजारात हरवलेलं पोर शोधायचं, तर आधी बाजार उठवायला नको का? तसंच हे. हवेची सगळी गर्दी बाहेर काढायची. मग एकटं पोर लगेच दिसतं."

म्हणून ढोल उघडायचा तर हातमोजे पाहिजेतच. या बाबतीत हसरे वस्ताद एकदम जमदग्नी व्हायचे. "आत उघडं बोट लावलंत तर बोट कापून ठेवून घेईन! बोटाचं तेल आत वाफाळत राहतं, महिनोन्‌महिने. पोकळी नासते." खुद्द आईलाही त्यांनी एकदा सगळ्यांसमोर झापलं होतं, आणि घरी आल्यावर त्याची पुरेपूर फेडही केली होती.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आधी बाबांनी एक दिवस ढोल उघडून साफ केला. झाकण बसवलं, बाहेरून तापवणाऱ्या पट्ट्या गुंडाळून पिंप चांगलं भाजून काढलं, आतला ओलावा निघावा म्हणून. मग पंप सुरू केला. भोंगा स्टुलावर बसून मीटर बघत होती. आकडा उतरत होता, उतरतच होता.

"बघ भोंग्या, या अख्ख्या इमारतीत याच्याइतकं स्वच्छ दुसरं काही नाही."

"पण आत आहे काय?"

"काही नाही."

"मग स्वच्छ काय आहे?"

"तेच. काही नाही!" आणि दोघं वेड्यासारखी हसली होती.

पण आकडा पूर्वीइतका खाली जाईना. बाबा वैतागले. "कुठेतरी गळतंय," म्हणत प्रत्येक बोल्टभोवती स्पिरिट सोडून आकडा हलतोय का ते बघत बसले. गळती काही सापडली नाही. पुढे त्यांना दवाखान्यातून परत यायलाच मिळालं नाही.

तेव्हापासून ढोलावर कोणी काम केलं नव्हतं. तो चालवणारा माणूस एकच होता, आणि तसल्या तपासण्या आता दुसरीकडे होत होत्या. पण पंप कोणी बंद केला नाही. बंद करूया असं कोणी म्हटलंही नाही. टाचताई त्याच्यावरची धूळ पुसायची. भोंगा त्याच्या शेजारच्या टेबलावर अभ्यास करायची आणि मधूनच काचेला नाक लावून आतला अंधार बघायची. आत बाबांनी ओढलेली पोकळी होती. कपडे धुतले जातात, चष्म्याच्या काचा पुसल्या जातात, उशीचा वास उडून जातो. ही मात्र जशीच्या तशी होती. तिच्यात त्या दिवसानंतर काहीच शिरलं नव्हतं. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. भोंगा असली म्हणून काय झालं, सगळंच काही वाजवून सांगायचं नसतं.

आणि मग एका दुपारी लाइट गेली. गेली म्हणजे काय, नुसती डोळा मिचकावून परत आली. पण तेवढ्यात जुना यूपीएस पिंऽ पिंऽ करत गार पडला. 'नवी'चा पडदा काळा झाला. ढोलाचा सूर जरासा खाली घसरला आणि पुन्हा वर चढला, कारण त्याचं आतलं चक्र एवढं गरगरत असतं, की एका झटक्याने थांबत नाही.

भोंग्याने पहिल्यांदा ढोलाकडे पाहिलं. आई आणि टाचताईने 'नवी'कडे.

"गेले!" टाचताई रडवेली झाली. "मॅडम, आत घातलेले सगळे थेंब गेले!"

थेंबच ते. काहींचा पुरवून ठेवलेला होता, काहींचा पुरता संपला होता. त्या बाळांना पुन्हा बोलवावं लागलं. त्यातल्या एकाचे आजोबा बाळाला घट्ट छातीशी धरून आले. आत टाचताईने सुई टोचली, बाळाने टाहो फोडला, आणि आजोबा व्हरांड्यात आईवर कडाडले, "लाइट तुमची गेली, आणि टाच आमच्या पोराची का?"

आई खाली मान घालून म्हणाली, "चूक आमची आहे. पुन्हा असं होणार नाही."

"आणि पोराला काही आजार निघाला असता, आणि तुमच्या लाइटपायी उशीर झाला असता तर?"

"म्हणूनच म्हणते, पुन्हा होणार नाही."

यूपीएसचं कपाट उघडलं तर आतल्या बॅटऱ्या फुगून टम्म झालेल्या. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं कामही वस्तादांचंच होतं. त्यांच्यानंतर ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

नवीन यूपीएस निवडायचा म्हणून बॅटरीवाले काका आले. पोट सुटलेले, बोलघेवडे, आणि प्रत्येक गोष्टीला उपमा तयार.

"मॅडम, दोन तऱ्हा असतात. एक स्वस्तातली. म्हणजे नळाचं पाणी गेलं की तुम्ही पळत गच्चीवर जाणार आणि टाकीचा कॉक सोडणार. तेवढ्यात साबण डोळ्यांत! दुसरी म्हणजे ऑनलाइन. घरात पाणी कायम टाकीचंच. नळाने नुसती टाकी भरायची. नळ गेला काय, आला काय, आंघोळ करणाऱ्याला पत्ताच नाही."

"दुसराच हवा," आई म्हणाली. "'नवी'ला डोळा मिचकावलेलासुद्धा चालत नाही. आणि तिच्याबरोबर तिचा कॉम्प्युटर, तिचा पंप, तिला गार ठेवणारं मशीन, सगळं त्यावरच पाहिजे. यंत्र जगलं आणि कॉम्प्युटर मेला, तर काय चाटायचंय?"

काका खूश. चिमट्यासारखं मीटर काढून ते एकेका वायरीला लावत सुटले. कोण किती वीज खातं ते त्यात दिसत होतं. 'नवी' झाली, तिचा लवाजमा झाला, आणि काका ढोलापाशी आले. वायरीला चिमटा लावला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"अरे बापरे! हा तर सासऱ्यासारखा बसून खातोय. करतो काय हा?"

टाचताई फडकं घेऊन ढोलावरची धूळ पुसायला लागली.

"नाही म्हणजे, आत काय ठेवलंय?"

"काही नाही," भोंगा म्हणाली.

"काही नाही ठेवायला एवढी वीज?" काका हो हो करून हसले, मग आजूबाजूच्या चेहऱ्यांकडे बघून त्यांचं हसू आपोआप विरलं. टाचताईने त्यांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. त्यांनी चिमटा हळूच काढून घेतला.

हिशेब टेबलावर झाला. बॅटऱ्या ठेवायला जागा होती ती जिन्याखालची बोळकांडी. तिथे वारा खेळता ठेवायचा तर एकच मांडणी बसत होती, आणि प्रयोगशाळेत रसायनांशेजारी बॅटऱ्या ठेवायला मनाई. इमारतीचा जनरेटर म्हणजे कुंभकर्ण, कधी उठेल त्याचा नेम नाही. एकटी 'नवी' जोडली, तर तो उठेपर्यंत हातातली तपासणी आरामात पुरी होत होती. 'नवी' आणि ढोल दोघं जोडले, तर बॅटऱ्या अर्ध्या वाटेवर दम टाकत होत्या.

"मग ढोलाला वेगळा छोटा घ्या," भोंगा म्हणाली. स्पर्धेतला सूर आपोआप लागला होता. "किंवा आमच्या घरचा इन्व्हर्टर आणू. आम्ही उकाड्यात बसू, काही बिघडत नाही आमचं!"

"पोरी, घरच्या इन्व्हर्टरवर पंखा कसा घुर्रर्र करतो, ऐकलंयस ना?" काका आता हळुवारपणे बोलत होते. "त्याची वीज ओबडधोबड असते. पंपाची मोटर तापून जळेल. आणि छोटा यूपीएस म्हणशील, तर असली जुनी मोटर सुरू होताना असा काही घास मारते, की छोटा तिथेच आडवा."

"मग मोठा! खोली बदला! मनाई कुणी केली त्यांना जाऊन विचारा!" ती उभी राहिली. "हे यंत्र या प्रयोगशाळेचा आधार होतं. ज्यांनी ते आयुष्यभर सांभाळलं..."

"भोंग्या," आई म्हणाली. "बस खाली."

"का? खरं बोलले म्हणून?"

"खाली बस."

ती बसली नाही. दप्तर उचललं आणि तरातरा घरी निघून गेली.

संध्याकाळी आई आली आणि भोंग्याच्या गणवेशाला इस्त्री करायला लागली. भोंगा दारात उभी होती, भांडायला सज्ज.

"तुला बरंच आहे म्हणा. एकदाची सुटका होईल त्या आवाजापासून."

"हो," आई म्हणाली.

भोंग्याची दहा वाक्यं तयार होती. पण 'हो'वरचं एकही तिच्याकडे नव्हतं.

"सकाळी कुलूप काढते, तेव्हा दिवा लावायच्या आधी पंप ऐकू येतो," आई इस्त्रीकडे बघत बोलत होती. "आणि वाटतं, आज लवकर आलेत. क्षणभरच वाटतं. मग दिवा लावते. हे रोज, गं. रविवारी तेवढं होत नाही."

इस्त्रीखालची बाही पुन्हा पुन्हा तीच होती.

"आई, त्यात बाबांची पोकळी आहे," भोंगा म्हणाली. हे बोलताना आवाज इतका बारीक निघाला, की तिचा तिलाच ओळखू आला नाही. "त्यांनी ओढलेली. मी होते तिथे. आकडा मी वाचत होते."

आईने इस्त्री उभी करून ठेवली.

"मला वाटायचं, हे फक्त मलाच वाटतं," ती म्हणाली.

मग दोघी पलंगाच्या कडेला बसल्या. "त्या आजोबांना मी शब्द दिलाय," आई म्हणाली. "ढोल यूपीएसवर नाही घेता येणार. ते तुलाही माहीत आहे, नाहीतर एवढी ओरडली नसतीस. आता राहिलं एवढंच. त्याला भिंतीच्या साध्या लाइटवर तसाच सोडायचा का? मग एखाद्या दुपारी लाइट जाईल, आणि जाईल ती लांबची जाईल. आपण नसू. मी मीटिंगला, टाचताई जेवायला, तू शाळेत. पंप आपला आपला थांबेल, आणि आपण आल्यावर कळेल."

भोंग्याने आईकडे पाहिलं. दवाखान्यातल्या त्या बाकावर बसलेली आई तिला दिसली, आणि आपल्या हातातला कपही.

"की आपणच तो नीट बंद करायचा? आपल्या हाताने, आपण समोर असताना?" आईचा आवाज चिरकला. "यातलं एक तू सांग. माझ्याच्याने हे ठरत नाही, म्हणून तर तो इतके दिवस चालू राहिला."

कुकरची शिट्टी झाली. दोघींपैकी कोणीही उठलं नाही. दुसरी झाली, तिसरी झाली.

"मी असणार," भोंगा म्हणाली.

"असणारच तू."

"शाळा असली तरी."

"शनिवारी करू, सुट्टीच आहे. शाळा बुडवली तर बाबा मला सोडायचे नाहीत."

शनिवारी सकाळी खोलीत तिघी होत्या. बॅटरीवाले काका नव्या बॅटऱ्या घेऊन लवकरच आले होते, पण "आधी तुमचं चालू द्या" म्हणून दाराबाहेर बाकड्यावर बसले. नीट बंद करायचीही रीत असते. आधी मधली झडप लावायची, मग मोठ्या चक्राचं बटण बंद करायचं, ते पुरतं थांबू द्यायचं, आणि मग हळूहळू आत हवा सोडायची. बाबांनी दोघींना शिकवलेलं होतं.

आईने झडप लावली. "बटण तू दाब," ती म्हणाली.

भोंग्याने दाबलं. काहीच झालं नाही, म्हणजे निदान तसं वाटलं. मग सूर हलकेच खाली यायला लागला, उतारावर सोडलेल्या सायकलीसारखा. चक्र थांबायला बराच वेळ लागतो. तो वेळ कसा काढायचा ते तिघींनाही कळेना. टाचताई नखं खात होती. आईचा हात पिंपावर होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

आणि भोंग्याने घसा साफ केला. दोन्ही हात बाजूला घेतले, मान ताठ केली.

"आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग, आणि येथे जमलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो!"

टाचताई दचकली. आई दचकली नाही.

भाषण होतं 'माझ्या शाळेची घंटा' या विषयावर. बाबांशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्यात घंटा वाजवणाऱ्या मामांची नक्कल होती, एक कविता होती, आणि गणिताच्या तासाला घंटा मुद्दाम उशिरा वाजते असा घणाघाती आरोप होता. ती सगळं बोलली, जसंच्या तसं, हातवाऱ्यांसकट. जिथे त्या दिवशी हशा पिकला होता, तिथे ती थांबली. खोलीत फक्त उतरत जाणारा सुंऽऽ होता. ती पुढे बोलली. शेवटचं वाक्य आलं तेव्हा तिचा आवाज फाटला होता, पण तिने ते गिळलं नाही, पूर्ण म्हटलं. "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते."

दाराबाहेर टाळ्या पडल्या. बॅटरीवाले काका. "वा पोरी, वा! पहिला नंबर!" त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत!

टाचताईने ओढणीत तोंड लपवलं. हसत होती की रडत होती, कळलं नाही. भाषण संपलं तरी चक्र अजून उतरतच होतं. तिघी थांबल्या. शेवटी खोल कुठेतरी एक खरखर झाली, आणि मग तीही नाही.

आईने हवा सोडायच्या झडपेवर हात ठेवला, भोंग्याने आईच्या हातावर. फुस्स्‌ करून बारीक आवाज आला आणि मीटरवरचा आकडा भराभरा चढला. बाजार पुन्हा भरत होता. आवाज थांबला, तेव्हा ढोलाच्या आत आणि बाहेर एकच हवा होती. ज्या हवेत त्या तिघी श्वास घेत होत्या, तीच.

आतला एक नाजूक भाग दुसऱ्या प्रयोगशाळेला हवा होता, म्हणून झाकण काढायचं होतं. तिघींनी हातमोजे घातले, बोल्ट सैल केले. आईने आत टॉर्च मारला. आणि तिचा हात तिथेच थांबला.

आतल्या भिंतीवर, एका इवल्याशा स्क्रूच्या शेजारी, बोटाचा ठसा होता. स्वच्छ, एकेक रेघ मोजावी असा. पिंप भाजून काढलं तेव्हा त्याचा रंग तपकिरी झाला होता, पोळीवरच्या डागासारखा. आणि त्याच्या मधून आडवी जात होती एक कोरी रेघ. व्रणाची.

"गळत नव्हतं कुठेच," आई म्हणाली. आणि ती हसायला लागली. "अहो वस्ताद! अहो, सगळ्या जगाला हातमोजे, आणि तुम्ही... स्पिरिट घेऊन हिंडत होते, गं, सगळ्या बोल्टांभोवती! आणि हे आत!" हसता हसता ती खाली स्टुलावर बसली, आणि ते हसू कुठल्या क्षणी वाकडं झालं ते भोंग्याला दिसलं.

"पण त्यांनी हातमोजा काढलाच कशाला?" टाचताईने विचारलं.

आई आपल्या हातमोज्याच्या बोटांकडे बघत होती. "औषधांनी बोटं बधिर झाली होती त्यांची. शेवटी शेवटी शर्टाची बटणं मी लावायची. एवढासा स्क्रू हातमोज्यातून लागला नसणार. म्हणून काढला. मला हाक मारायची होती ना. मी इथेच तर होते, या टेबलावर."

भोंगा काचेतून ज्या अंधाराकडे रोज बघत बसायची, त्यात काहीच नाही असं तिला वाटलं होतं. आणि आत हे होतं. त्या पोकळीला इतके दिवस नासवत, पूर्वीच्या आकड्यापर्यंत जाऊ न देता.

टाचताईने सवयीने स्पिरिट आणि फडकं आणलं. आईनेही सवयीनेच ते घेतलं, फडकं ओलं केलं, हात आत घातला. ठशापासून चार बोटांवर तिचा हात थबकला.

"याच्यात आता पुन्हा पोकळी ओढायची नाहीये," ती हळूच म्हणाली. "मग कशाला पुसायचं?"

तिने फडकं घडी करून बाजूला ठेवलं. भोंग्याने आपल्या हातातला मोजा ओढून काढायला सुरुवात केली.

"हातमोजा!" आई ओरडली. अगदी त्यांच्यासारखीच, त्याच पट्टीत. आणि दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. मग आईने मान हलवली, आणि आपलाही मोजा काढला.

ठशाला कोणीच हात लावला नाही. भोंग्याने आपलं बोट त्याच्या शेजारी टेकवलं आणि उचललं. पोलाद गार होतं. तिचा ठसा क्षणभर वाफेसारखा दिसला आणि उडून गेला. मग झाकण परत बसवलं, सगळे बोल्ट आवळले.

दुपारी यूपीएस बसला. बोळकांडीत बॅटऱ्या ओळीने लागल्या, पंखा फिरायला लागला. काकांनी 'नवी' आणि तिचा सगळा लवाजमा जोडला, टाचताईने खोटी तपासणी लावली, आणि काका भिंतीवरच्या मोठ्या खटक्यापाशी जाऊन उभे राहिले.

"आता मी लाइट घालवतो हं. सगळ्यांनी 'नवी'कडे बघा."

खटका पडला. दिवे गेले, छताचा पंखा मंद होत थांबला. खिडकीच्या उजेडात 'नवी'चा पडदा तसाच चमकत होता, आकडे पुढे सरकत होते, ढिम्म फरक नव्हता. टाचताईने टाळी वाजवली. आईने कित्येक दिवसांचा धरलेला श्वास सोडला.

"बघितलंस, पोरी?" काका अभिमानाने म्हणाले. "लाइट गेल्याचं तिला कळलंसुद्धा नाही!"

भोंग्याने 'नवी'कडे पाहिलंच नव्हतं. दिवे गेल्याबरोबर तिची मान आपोआप ढोलाच्या कोपऱ्याकडे वळली होती आणि ती कान देऊन उभी होती. आईचीही मान तिकडेच होती.